शेवटच्या बोटीची बस रिकामी असली तरी धावलीच पाहिजे

बेटावर बोटींच्या वेळा धरून बस चालवावी, या माझ्या मतावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हजारभर वस्तीच्या बेटावर बस चालवणं म्हणजे रिकामी गाडी पळवणं; त्यापेक्षा धक्क्याजवळ पार्किंग वाढवावं; आणि सर्वेक्षणात लोक ‘बस हवी’ म्हणतात त्यावर विसंबू नये. यातला शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. पहिला निम्मा मान्य. पार्किंगचा मात्र अजिबात नाही.

‘बस सुरू झाली तर वापराल का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात, म्हणून तो विचारूच नये. त्याऐवजी सलग सात दिवस धक्क्यावर माणूस बसवून प्रत्येक बोट मोजावी. किती उतरले, किती चढले, कोण चालत गेलं, कोणाला न्यायला घरची गाडी आली, हातात सामान किती होतं. हे पर्यटनाच्या हंगामात एकदा आणि एरवी एकदा. पलीकडच्या किनाऱ्यावर बेटकऱ्यांच्या किती गाड्या कायम उभ्या असतात तेही मोजावं. हा आकडा आराखड्यांत हमखास सुटतो. ‘न्यायला आलेली गाडी’ हा रकाना सर्वांत बोलका. ती गाडी येताना फक्त चालकाला घेऊन येते. म्हणजे रिकाम्या खेपा आजही होतातच, फक्त त्या घराघरांत वाटल्या गेल्यामुळे दिसत नाहीत.

आता पार्किंग. मोटारी आत-बाहेर काढायची वाटही धरली तर एका मोटारीला साधारण 25 चौरस मीटर लागतात. शंभर मोटारी म्हणजे 2,500 चौरस मीटर, तेही धक्क्यालगत, जिथे सपाट जमीन आधीच थोडी असते आणि माल उतरवणं, मासळी, रुग्णवाहिकेची वाट, सगळं तिथेच व्हायचं असतं. शिवाय जागा झाली की चालत येणाराही गाडी काढतो आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा तीच ओरड सुरू होते.

बसचं गणित रस्त्याच्या लांबीपासून नव्हे, दोन बोटींमधल्या वेळेपासून मांडायचं. उदाहरण घेऊ. रस्ता 9 किलोमीटर, थांब्यांसकट सरासरी वेग ताशी 25 किलोमीटर, म्हणजे जायला 22 मिनिटं. बस बोट सुटायच्या 10 मिनिटं आधी धक्क्याला पोचावी आणि बोट गेल्यावर 5 मिनिटांनी उतारू घेऊन निघावी. दुसऱ्या टोकाला 5 मिनिटं. जाऊन-येऊन एकूण 64 मिनिटं. बोट तासातासाला असेल तर ही बस दर फेरीला 4 मिनिटं मागे पडत जाईल आणि दुपारपर्यंत एखादी बोट चुकवेलच. अशा वेळी चालकाला दोष देतात. चूक आराखड्याची असते. शेवटचे दोन किलोमीटर गाळले तर फेरी 54 मिनिटांत बसते आणि उशीर झालाच तर सावरायला 6 मिनिटं हाताशी राहतात. गाळलेल्या टोकाला आदल्या संध्याकाळपर्यंत फोन करून बोलवायची छोटी गाडी द्यावी.

दुपारच्या फेऱ्या रिकाम्या जातील हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्या ठेवूच नयेत; त्याही फोनवर. पण शेवटच्या बोटीची बस कधीच रद्द करायची नाही, त्यात दोनच माणसं असली तरी. सकाळी घरातून निघणारा माणूस सकाळच्या बसचा विचार करत नाही. ‘रात्री बोटीला उशीर झाला तर घरी कसा पोचणार?’ हा त्याचा प्रश्न असतो. उत्तर पक्कं नसेल तर तो सकाळीच मोटार काढतो, आणि मग सकाळची बसही रिकामी जाते. म्हणून नियम फलकावर लिहून लावावा: दिवसा बस बोटीसाठी 10 मिनिटं थांबेल, शेवटची बस बोट येईपर्यंत थांबेल. दिवसाची मर्यादा लिहिलेली नसेल तर वाट पाहण्यात शाळेची फेरी बुडते.

धक्का ओहोटीत उघडा पडत असेल तर गणित आणखी बदलतं. दिवसाला दोन भरत्या येतात तिथे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाणी भांगापेक्षा (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांपेक्षा) जास्त उतरतं. तिथे कायमचं वेळापत्रक छापणं व्यर्थ. भरतीच्या तक्त्यावरून महिन्याचं पत्रक काढावं, बोटीचं आणि बसचं एकाच कागदावर.

गाडी बसच असली पाहिजे असंही नाही. इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटावर मोटारींना बंदी आहे. बंदरावरचा चढ प्रवासी ट्रॅक्टरने ओढलेल्या गाडीतून चढतात. कॅनडातल्या पेंडर बेटावर रस्त्याकडेला ठरलेल्या जागी पाट्या आहेत, तिथे उभं राहिलं की जाणारी मोटार थांबून माणसाला घेते. कोणतीही गाडी घ्या, सामानाला जागा हवी. बेटावर मोटार अनेकदा माणसासाठी नव्हे, पिशव्यांसाठी काढली जाते.

विजेची बस बेटाच्या वीजजाळ्याला झेपेल का, ही तुमची शंका लवकर मिटेल. 7 किलोमीटरच्या मार्गावर दिवसाला जाऊन-येऊन 8 फेऱ्या म्हणजे 112 किलोमीटर. छोट्या बसला किलोमीटरला 0.6 युनिट धरले तर 67 युनिट लागतात. 11 किलोवॉटचा साधा चार्जर रात्रीच्या आठ तासांत तेवढे भरतो. बेटाच्या अशक्त वीजजाळ्यावर जलद चार्जर लादायची गरज नाही. खारी हवा मात्र त्रास देते. विजेच्या बसमध्ये बराचसा वेग मोटरच कमी करत असल्याने ब्रेकच्या तबकड्या कमी घासल्या जातात आणि गंजतात. गाडी खालून आठवड्याला गोड्या पाण्याने धुवावी, ब्रेक वेळोवेळी जाणीवपूर्वक दाबून वापरावेत.

खरी अडचण चालकांची आहे, आणि ती तुम्ही मांडली नाहीत. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसात, सातही दिवस, म्हणजे आठवड्याला 91 तास. दोन चालकांत ते कसेबसे बसतात. एक आजारी पडला की सेवा बंद. परवाना असलेला तिसरा माणूस गाडी घेण्याआधी तयार हवा.

तुमच्याकडच्या बोटींमधलं अंतर आणि रस्त्याची लांबी कळवलीत, तर हेच गणित तुमच्या आकड्यांवर मांडून देतो.