‘वर्णद्वेषावरच्या कादंबऱ्या म्हणजे रडगाणं’: मुद्देसूद उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकांत एक मेसेज फिरतोय: अमेरिकेतल्या वर्णद्वेषावरच्या कादंबऱ्या म्हणजे नुसतं रडगाणं, शेजाऱ्यांची माया ही लेखकानं वरून पेरलेली साखर, शेवटी भला गोरा येऊन सोडवतो, आणि हे सगळं आपल्या मुलखाबाहेरचं.

साखरेचा मुद्दा आधी, कारण मेसेज तिथंच तोंडावर आपटतो. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’मध्ये (1987) गुलामीतून पळून आलेल्या सेथच्या सासूच्या घरी दोन बादल्या ब्लॅकबेरींपासून नव्वद माणसांची पंगत उठते. जेवून गेलेलेच दुसऱ्या दिवशी कुढतात, या सासूला एवढं परवडतं कसं? मग गुलाम पकडणारे येतात तेव्हा सावध करायला कुणी धावत नाही, आणि मुलं पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून सेथ पोटच्या मुलीचा जीव घेते. साखर पेरणारी लेखिका पंगत अशी नासवेल?

अठरा वर्षांनी घरात खायला उरत नाही, तेव्हा सेथची धाकटी मुलगी डेन्व्हर उंबरा ओलांडते. अंगणाच्या कडेच्या बुंध्यावर पांढऱ्या घेवड्याची पिशवी, अंडी, सशाचं मटण येऊ लागतं. सोबत नावाची चिठ्ठी, भांडं कुणाला परत करायचं ते कळावं म्हणून; लिहिता न येणाऱ्यांची नुसती फुली. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं धाडत नाहीत. डेन्व्हरपाशी भांड्यात घालायला काही नाही. ती भांडं देऊन आभार मानते, आणि बायका तिच्या आजीच्या आठवणी सांगतात.

गोरा तारणहार? एमी ही गोरी पोरगी पळून निघालेल्या सेथचं वाटेत बाळंतपण करते, खरं. पण ती स्वतः पळालेली मोलकरीण, आणि लगेच वाटेला लागते. सेथला नदीपार नेणारा स्टॅम्प पेड काळाच.

रडगाण्यापेक्षा भांडणंच जास्त सापडतील. अॅलिस वॉकर यांच्या ‘द कलर पर्पल’मध्ये (1982) सीली सावत्र मुलगा हार्पोला त्याच्या बायकोला, सोफियाला, मारायचा सल्ला देते. सोफिया येऊन जाब विचारते, सीली कबूल करते, आणि मग दोघी फाटलेल्या पडद्यांची गोधडी शिवायला बसतात.

मुलखाबाहेरचं कसं? जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्यांनाच अर्पण केली. आफ्रिकी वंशाचे सिद्दी तर खानापूर तालुक्यात आणि पलीकडे हल्याळात राहतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला, बेळगाव-धारवाडच्यांना थेट 2020 मध्ये.

‘बिलव्हेड’ अर्ध्यात सोडणारे बहुतेक सुरुवातीलाच अडतात, कारण काळ सारखा मागेपुढे होतो. पंगत पहिल्या भागाच्या उत्तरार्धात आहे, चिठ्ठ्या तिसऱ्या भागात. तिथवर न पोचणाऱ्याच्या हाती मार तेवढा लागतो.