किल्ली माझ्या खिशात होती

मी ३१ वर्षं बेळगावातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. ओहमचा नियम फळ्यावर इतक्या वेळा लिहिलाय की झोपेतही हात वळतो. हे सांगायचं कारण एवढंच, की गेल्या श्रावणात टिळकवाडीत आमच्या दारासमोर मी जे करून ठेवलं, त्याला विज्ञानाचा मास्तरच लागतो. साधा माणूस बॉनेट उघडतो, आत बघून 'हं' म्हणतो, बंद करतो आणि रिक्षा बोलावतो.

निपाणीला साडूंच्या नातवाचं बारसं होतं. मागच्या सीटवर कुंद्याचे दोन डबे, पुढच्या सीटवर इरकली नेसलेली बायको, वरून भुरभुर पाऊस. किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक.

बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर गंजाची पांढरी-हिरवट बुरशी. श्रावणात लोणच्याच्या बरणीला येते, अगदी तशी. रोग सापडला म्हणून मी खूश झालो. टर्मिनल काढायचं, घासायचं, बसवायचं. दहा मिनिटांचं काम. खबरदारी म्हणून गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"करंट बंद केलाय," मी जाहीर केलं.

"तुम्हाला माहीत," बायको म्हणाली. आमच्या घरात याचा अर्थ होकार असा होत नाही.

वडिलांच्या पेटीतला दहा नंबरचा पाना काढला. चांगला वीतभर लांब, नखशिखांत लोखंडी. बुरशी प्लसवर, म्हणून पाना प्लसवर लावला. तर्काला धरूनच होतं सगळं. नट हलेना. जोर लावला. पाना फिरला, आणि त्याचं दुसरं टोक शेजारच्या पत्र्याला जाऊन टेकलं.

चर्रर्र! निळा-पांढरा उजेड, लक्ष्मी तोट्यासारखा वास, आणि पाना अर्धा क्षण पत्र्याला चिकटून उभाच. मग आपणहून सुटला आणि इंजिनाच्या पोटात कुठेतरी खणखणत गेला. मी दोन पावलं मागे, कुंडीत. वरच्या गॅलरीतून काकांनी विचारलं, "लाईट गेली काय वो, सर?"

बायकोने काच खाली केली. "किल्ली खिशात आहे ना?"

होती. मी चाचपून पाहिलं.

आता गंमत बघा, मला शॉक बसलाच नव्हता. बसणारही नव्हता. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम, त्यातून १२ व्होल्ट काय डोंबल ढकलणार! पण लोखंडी पान्याला कातडी नसते. त्याचा रोध जवळजवळ शून्य, बॅटरीच्या आतला त्याहून फार नाही. म्हणजे ओहमसाहेबांच्याच हिशेबाने पान्यातून शेकडो अँपियर धावतात. आपला २००० वॅटचा गिझर नऊएक अँपियर घेतो आणि खिडकीची जाळी वेल्डिंग करायला शंभरेक पुरतात, यावरून काय ते समजा. हे सगळं मला येत होतं. कुंडीतून उठताना तर फारच स्पष्ट आठवत होतं.

उद्यमबागेतल्या मिस्त्रीला फोन केला. हा माझाच विद्यार्थी. विज्ञानात ३५ गुण, त्यातले चार मी दिलेले. आला, वाकून बघितलं, पत्र्यावरचा काळा डाग बोटाने पुसून पाहिला. ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला होता.

"सर, काय करून घेतलासा वो हे?"

"किल्ली काढली होती रे."

"किल्ली काढली म्हणून करंट काय गावाला जातोय?" तो समजुतीने म्हणाला. मग बॅटरी, स्टार्टरला जाणारी जाड वायर, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीवरचा नट असं एकेक बोटाने दाखवलं. हे सगळं गाडी बंद असली तरी जिवंतच. किल्ली म्हणजे घरातला मेन स्विच नव्हे. आणि फ्यूज? आमच्यासारख्या जुन्या गाडीत त्या जाड वायरीला फ्यूजच नाही. फ्यूज सगळे पुढे, दिव्या-हॉर्नाच्या वाटेवर. इथे पेटलं तर पेटलंच.

शिवाय बॅटरीचा मायनस गाडीच्या अंगालाच जोडलेला. म्हणजे इंजिन, पत्रा, क्लॅम्प, बोल्ट, बॉनेटची काठी, जे जे लोखंड दिसेल ते मायनस. प्लस तेवढा एकटा. चारी बाजूंनी दुसऱ्याचा मुलुख आणि मधोमध लाल टोपीचं एक गाव. सीमाभागात हयात घालवलेल्या माणसाला हा नकाशा कुणी समजावून सांगावा लागू नये.

"अंगठी काढा, सर."

"कशाला?"

त्याने डावा हात पुढे केला. अनामिकेच्या मुळाशी चकचकीत, गुळगुळीत कातडीचं एक कडं होतं, बिनधातूचं. शिकाऊ असताना पाना प्लसवर आणि अंगठी पत्र्यावर, असा योग आला होता. अंगठी लाल झाली, आणि लाल अंगठी बोटातून पटकन निघत नाही. पुढचं त्याने सांगितलं नाही. मी साबण आणायला आत गेलो.

माझी अंगठी लग्नात बसवलेली आणि बोट त्यानंतर चांगलं पोसलेलं. पाच मिनिटं झटापट झाली. शेवटी साबणाच्या फेसात निघाली ती हाताशीच ठेवली आणि पंचाने हात पुसले. एवढ्यात मिस्त्री ओरडला, "वैनी, छत्री!" बायको मला पाऊस लागू नये म्हणून उतरली होती आणि छत्रीची लोखंडी काडी प्लसच्या बरोब्बर वर डोलत होती. तिने छत्री मिटली आणि भिजत उभी राहिली. इरकलीचा विषय अजून निघतो.

मिस्त्रीचा पाना बघण्यासारखा होता. तोंड सोडून सगळा काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला, तापातून उठलेल्या पोराच्या गळपट्ट्यासारखा. त्याने आधी सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा प्लसवर पांघरला. मग पाना लावला तो मायनसला.

"उस्ताद कन्नड होते," तो म्हणाला, "त्यांनी एकच मंत्र दिला. मोदल मायनस, आम्याल प्लस."

आधी मायनस, मग प्लस. मायनस सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काय होणार? दोन्ही एकाच घरचे. आणि एकदा मायनस सुटला की विजेचं मंडल तुटलं, मग प्लसवर पान्याने नाच केला तरी ठिणगी नाही. बसवताना उलट, आधी प्लस, शेवटी मायनस. बत्तीस अक्षरी श्लोक पाठ करणाऱ्या माणसाला चार शब्दांचा हा मंत्र साठीनंतर मिळावा!

मीटर लावल्यावर १२.६ व्होल्ट दिसले. बॅटरी ठणठणीत, खोड नुसतं बुरशीचं. बायकोने गरम पाणी आणि खायचा सोडा आणून दिला. सोडा टाकताच टर्मिनल फसफसलं आणि खालून शिसं उजळ निघालं. कोरडं करून बसवलं, वर व्हॅसलिनचा हात फिरवला. "चार्जिंगला लावलेली बॅटरी असती तर एवढ्या ठिणगीला तिच्यातून निघणारा ग्यास पेटला असता," मिस्त्री जाता जाता म्हणाला. पैसे घेईना. "तुम्हीच शिकवलंय की, सर," म्हणाला. यापेक्षा त्याने दुप्पट पैसे घेतलेले परवडले असते.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. बॅटरी सोडल्यामुळे गाडीतल्या घड्याळात एक वाजला होता, खरे बारा वाजून गेले होते. रेडिओ सगळी स्टेशनं विसरला होता. आम्ही दोघं काही न बोलता संकेश्वर ओलांडलं. तवंदी घाटात बायकोची नजर माझ्या स्टिअरिंगवरच्या हाताकडे गेली.

"अंगठी?"

खिसा चाचपला. या वेळी खिशात काहीच नव्हतं.

निपाणीत पोचलो तेव्हा पाळणा सजला होता आणि सगळे आमच्यासाठी खोळंबले होते. मी मांडवात न जाता बॉनेट उघडलं. अंगठी बॅटरीशेजारच्या पत्र्याच्या खोबणीत मजेत बसली होती, प्लसपासून चार बोटांवर. हात पुढे केला. मागे घेतला. मनगटावरचं घड्याळ काढून बायकोकडे दिलं आणि साडूंना म्हटलं, "एक दहा नंबरचा पाना मिळेल? आणि थोडी चिकटपट्टी."

"अहो, बाळाचं नाव ठेवायचंय! आता पाना कशाला?"

"मोदल मायनस," मी म्हणालो.