सेवेत कोण आहे?

गेल्या रविवारी उपासना संपताना पाहुण्या पाळकांनी तरुणांना विचारलं, "सेवेत कोणाला यायचंय?" तीन मुलं उठून पुढे गेली. तिघांनाही बायबल कॉलेजला जायचंय. पाळकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणालो, मनापासून म्हणालो. पण माझं लक्ष बायकांच्या बाजूला गेलं. तिसऱ्या रांगेत आमच्याच मंडळीतली एक ताई बसली होती. आशा कार्यकर्ती आहे. आदली रात्र तिने एका अडलेल्या बाळंतिणीबरोबर दवाखान्याच्या ओट्यावर काढली होती. ती जागची हलली नाही. हा प्रश्न आपल्यालाही आहे असं तिला वाटलंच नाही.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

आमच्याकडे "ते सेवेत आहेत" म्हटलं की अर्थ एकच, पाळक नाहीतर प्रचारक. बाकीचे आम्ही नोकरीत, शेतीत, मजुरीत. एवढा मोठा शब्द आम्ही एवढासा कधी करून टाकला? बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशूचा शिष्य शिमोन याच्या सासूची गोष्ट आहे. ती तापाने पडली होती. येशूने हाताला धरून उठवलं, ताप गेला आणि ती त्यांची सेवा करू लागली. काय केलं असेल तिने? चूल पेटवली असेल, आल्यागेल्याला पाणी दिलं असेल. तिचं नावसुद्धा मार्काने दिलेलं नाही. ताप उतरला हे घरच्यांना कळलं ते ती कामाला लागली त्यावरून.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलंय, म्हणून बोलतोय.

माझे वडील नंदुरबारला मिरचीच्या व्यापारात मापाडी, म्हणजे काट्यावर माल मोजणारे, होते. नंदुरबारची मिरची ज्यांनी पाहिलीय त्यांना ठाऊक आहे, हंगामात गावाबाहेर मिरची वाळवायच्या पथारीवर नजर जाईल तिथवर लाल. बाबा घरी आले की आधी त्यांचा सदरा बाहेर झटकावा लागायचा, नाहीतर आम्ही भावंडं खोकून हैराण. ओली मिरची पोत्यात भरून यायची. काट्यावर पोतं चढलं की ओलीच्या नावाखाली ठरल्यापेक्षा किलोभर जास्त कडता, म्हणजे वजनातली घट, बाबा कापायचे. शेतकरी रात्रभर गाडीवर बसून आलेला, पेंगुळलेला. तो कुठे आकडा बघतोय? व्यापारी संध्याकाळी त्याबद्दल बाबांच्या हातावर काही टेकवायचा आणि ते पैसे घरी पोचायच्या आत संपायचे. मापात पाप म्हणतात ते आमच्या घरात असं दारूच्या वासाने यायचं.

पुढे कावीळ झाली. मिशनच्या एका दवाखान्यात अठरा दिवस पडून होते. तिथली एक नर्स त्यांची उलटी काढायची आणि काढताना नाक मुरडायची नाही. बाबा सांगतात, "माझ्या जवळ बसायला घरचं माणूस तयार नव्हतं, ती बसत होती." तिथून ते बायबल ऐकायला लागले. दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला.

लोक विचारतात, काय मिळालं धर्म बदलून? या प्रश्नाचा मला राग येत नाही, कारण उत्तर माझ्याकडे आहे. मिळालं काहीच नाही, उलट घरातून गेलं. बायबलमधली जक्कयची गोष्ट बाबांनी ऐकली. तो जकातदार, लोकांना लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणाला, ती गोष्ट. आपण ती रविवारच्या शाळेत झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची गोष्ट म्हणून सांगतो, मुलं हसतात. बाबांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते वही घेऊन बसले. शहादा-तळोद्याकडचे अकरा शेतकरी त्यांना गावानिशी आठवत होते. आईच्या दोन बकऱ्या विकल्या आणि रविवारी उपासना झाली की एसटीने एकेका गावाला जायला लागले.

हे ऐकायला फार छान वाटतं. घरात ते छान नव्हतं. घर पावसात गळत होतं आणि बकऱ्या आईच्या होत्या. ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. एका शेतकऱ्याने त्यांना चार लोकांसमोर शिव्या घालून हाकललं. एकाने पैसे मोजून घेतले आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. एक म्हातारा मात्र बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि मुलाला म्हणाला, "हाऊ तोच शे का?"

तोच होता आणि तोच नव्हता. आईला हे पटायला मात्र वेळ लागला. दारू सुटल्यावरही दोन वर्षं ती घरातले पैसे तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवत होती. एके दिवशी शाळेतून आलो तर नोटा उघड्या फळीवर, आरशाखाली ठेवलेल्या. आई काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरातली सगळ्यात मोठी साक्ष मी ती मानतो.

आपण पंडिता रमाबाईंचं नाव अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. पण केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल मला सगळ्यात जास्त भिडतं ते पुढचं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या, तेव्हा त्यांना सांभाळायला, न्हाऊ-माखू घालायला आधी वाचलेल्या मुलीच उभ्या राहिल्या. रमाबाई विद्वान होत्या, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सरस्वती म्हटलं. या मुलींना कोणी काही म्हटलं नाही. शिमोनाच्या सासूच्या त्या सख्ख्या बहिणी.

बाबांनी मापाडीचं काम सोडलं, हमाली धरली. आणि दर सोमवारी सरकारी दवाखान्यात जायला लागले. आमच्या जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार फार. आई आणि वडील दोघांकडूनही तो दोष आला तर मूल आजारी जन्मतं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पोर हाडं दुखतात म्हणून रात्ररात्र ओरडतं. अक्कलकुवा, धडगावकडून पोरांना घेऊन आलेल्या आयांना कुठली खिडकी कशाची ते कळत नाही, कागद वाचता येत नाही. बाबा त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहायचे. त्यांच्या पिशवीत पेन, बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. सिकलसेलच्या पोराच्या अंगातलं पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, हे त्यांना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते त्यांनी वचनासारखं पाठ केलं. कोणाला धर्म विचारला नाही, कोणाला धर्म सांगितलाही नाही. कोणी विचारलं, तुम्ही हे का करता, तर सांगायचे, "माझी उलटी एका बाईने काढली होती."

बायबल कॉलेजला निघालेल्या त्या तिघांवर माझा राग नाही. त्यांनी जावं, नीट शिकावं. पाळकांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी प्रश्न विचाराल तेव्हा त्या आशा ताईला, पोल्ट्रीवर कामाला जाणाऱ्या पोराला, ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या आपल्या माणसांच्या मुलांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या आजीलाही पुढे बोलवा. त्यांच्याही डोक्यावर हात ठेवा. आम्ही मंडळीत किती आले ते मोजतो. किती जणांकडे आपण गेलो, ते कोण मोजतं?

बाबांचे गुडघे आता गेले. ते गावी असतात, पिशवी माझ्याकडे आहे. मला महिन्यातले दोनच सोमवार जमतात, आणि ते कमी आहेत हे मला कळतं. संध्याकाळी त्यांचा फोन येतोच. मी कसा आहे, जेवलो का, ते नंतर. आधी विचारतात, "पोराला पाणी पाजलं का?"