स्मार्ट बोर्ड टिकवायचा असेल तर

अभिनंदन, सर. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला लिंक पडली आहे आणि खाली लिहिले आहे, 'उद्या सकाळी 11 पर्यंत माहिती भरावी, अन्यथा सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' म्हणजे तुमच्या जिल्हा परिषद शाळेत तंत्रज्ञान, अर्थात स्मार्ट बोर्ड, येणार, हे नक्की. आता ते टिकवायचे कसे, एवढेच बघायचे. वापरायचे कसे, ही तुमची काळजी नाही, आणि तसला विचार मनात आलाच असेल तर पुढचे जरा सावकाश वाचा.

आधी पैसा. समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची सरकारी योजना 2018 मध्ये सुरू झाली. त्यात केंद्र सरकारचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. आयसीटी (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान) आणि डिजिटल उपक्रमांच्या शीर्षाखाली सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळेला दोन स्मार्ट वर्गांसाठी एकदाच 2 लाख 40 हजार आणि पुढे वर्षाला 38 हजार. पूर्ण संगणक प्रयोगशाळा असेल तर एकदाच 6 लाख 40 हजार आणि पाच वर्षे दरसाल 2 लाख 40 हजार; त्यात वीज, इंटरनेट, आशय आणि निदेशकाचे मानधन आले. हे सगळे आकडे कमाल मर्यादेचे. एकदाचे पैसे वस्तूरूपाने टेम्पोत बसून शाळेपर्यंत येतात. दरसालचे पैसे पायी निघतात आणि वाटेत दमतात.

तुमची शाळा चौथीपर्यंतचीच असेल तर नाराज होऊ नका. तुमचे पॅनेल, म्हणजे तोच स्मार्ट बोर्ड, जिल्हा नियोजन समितीतून, ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) येईल. तिथे दरसालचा रकानाच नसतो, त्यामुळे वाट बघण्याचाही त्रास नाही.

रोजचा खर्च भागवायला संयुक्त शाळा अनुदान आहेच की. पटावर 30 पर्यंत मुले असतील तर वर्षाला 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. छोट्या शाळेच्या हातात उरले 9 हजार. त्यातून खडू, रजिस्टरे, नळाची तोटी, फुटकी कौले, खेळाचे साहित्य, वीजबिल, इंटरनेट आणि जमल्यास एकविसावे शतक.

विजेचा हिशेब करून बघा. 75 इंची पॅनेल चालू असताना साधारण 300 वॅट घेते. रोज चार तास, महिन्याचे 24 दिवस चालवले तर 29 युनिट. घाबरण्यासारखे काही नाही. पण शाळेचे मीटर घरगुती दरात बसत नाही, ते सार्वजनिक सेवा या वर्गवारीत असते, आणि स्थिर आकार मे महिन्यातही लागतो, जेव्हा शाळेत फक्त चिमण्या असतात. अनुदान फेब्रुवारीत येते, बिल दर महिन्याला. मधल्या काळात थकबाकी तुंबली की वायरमन येतो. तो बहुधा गावातलाच असतो, त्याची मुलगी तुमच्याच तिसरीत असते. तो 'सर, वरून यादी आलीय' म्हणून जोडणी तोडतो आणि चहा घेऊन जातो. त्या दिवसापासून तुमचे पॅनेल अत्यंत सुरक्षित.

खर्च करण्याची पद्धतही शिकून घ्या. 1 जुलै 2021 पासून पैसा शाळेच्या खात्यात येऊन पडत नाही. खाते शून्य शिलकीचे, आणि पीएफएमएस या सरकारी पैशांच्या पोर्टलवर फक्त खर्चाची मर्यादा दिसते. ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिसली तर 31 तारखेच्या आत संपवा, नाहीतर ती जशी आली तशी जाते. एवढ्या दिवसांत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, बिल, साठा नोंद, पोर्टलवर एकाने भरणे, दुसऱ्याने मंजूर करणे, पीपीए (बँकेला द्यायचा पैसे चुकते करण्याचा कागद) छापणे आणि तालुक्याच्या बँकेत रांग लावणे एवढेच करायचे असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. मार्चअखेरीस त्या कांदा काढायला गेलेल्या असतात, तेव्हा ठराव आधी लिहा आणि सह्यांना बांधावर जा. तीन दुकाने फिरून तीन दरपत्रके आणण्याचा भोळेपणा करू नका. एकच दुकानदार तिन्ही आणून देतो. 'प्रोजेक्टर'चे स्पेलिंग तिन्हींत एकाच जागी चुकलेले नाही ना, तेवढे तपासा. लेखापरीक्षक वस्तू बघत नाहीत, पण कागद फार बारकाईने बघतात.

टेम्पो परीक्षेच्या दिवशी येईल. ड्रायव्हरला आणखी नऊ शाळा करायच्या असतात, त्यामुळे तो खोके व्हरांड्यात उतरवून पावती पुढे करतो: 'साहित्य सुस्थितीत मिळाले व कार्यान्वित केले.' सही करून शिक्का मारा. 'बंद खोके मिळाले, तपासलेले नाही' असे लिहिण्याची सुरसुरी येईल, ती आवरा. तसे लिहिले तर पुरवठादाराचे देयक अडेल, मग तुम्हाला फोन येईल, आणि तो पुरवठादाराचा नसेल. बसवणारा मुलगा मे महिन्यात येतो. वॉरंटी मार्चपासूनच चालू झालेली असते. वस्तू खोक्यात असतानाही तिचे वय वाढते, ही निसर्गाचीच योजना.

पॅनेल 50 किलोच्या आसपास असते. ते विटेच्या पक्क्या भिंतीवर, चार अँकर बोल्टने, मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर लावायचे असते. तुमची भिंत मातीच्या जोडाईची असेल तर बोल्ट फिरवताच पोपडा आणि पावसाळ्यातली ओल एकदम हातात येते. त्यावर उपाय म्हणून बसवणारा मुलगा पॅनेल शक्य तितके वर, स्लॅबच्या बीमवर लावून जातो. पहिलीच्या मुलाला वरचे बटण दाबायला स्टूल लागते. याला इंटरॲक्टिव्ह म्हणतात.

अर्थिंगबद्दल विचारू नका. शाळा बांधली तेव्हा मागच्या बाजूला मीठ-कोळसा घालून पाइप पुरला होता; त्याची तार नंतर कुणीतरी कपडे वाळत घालायला नेली. मल्टिमीटर असेल तर सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थिंगच्या टोकांना लावून बघा. काटा दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर मल्टिमीटर कपाटात ठेवा, कारण माहिती असणे म्हणजे जबाबदारी येणे. खेड्यात पॅनेल जळते त्यामागे मुलांचा धसमुसळेपणा क्वचितच असतो. डीपीवर न्यूट्रल सैल होतो, एका फेजवर 230 च्या जागी 300 च्या पुढे व्होल्टेज चढते आणि प्लगमध्ये अडकवून ठेवलेली वस्तू रात्रीच जाते. चांगला स्टॅबिलायझर किंवा जादा व्होल्टेजला तुटणारे संरक्षण लावले तर ती वाचते. पण अंदाजपत्रकात पॅनेल होते, स्टॅबिलायझर नव्हता, आणि नसलेल्या शीर्षावर खर्च करणाऱ्या मुख्याध्यापकाकडून वसुली निघते.

आता मुख्य सल्ला: चालू करू नका. कारण सरळ आहे. पॅनेल जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, तुमच्या सहीने चढलेले असते. बदली झाली की पदभाराच्या यादीत ते चालू स्थितीत दाखवून द्यावे लागते, नाहीतर नवे मुख्याध्यापक पदभार घेत नाहीत. वापरले तर बिघडेल. बिघडले तर 'कोणाच्या निष्काळजीपणाने' असा खुलासा मागवला जाईल. न वापरल्याबद्दल खुलासा मागवल्याचे मात्र फारसे ऐकिवात नाही.

न वापरल्यानेही वस्तू मरतात, ही एक अडचण आहे. इन्व्हर्टरची 150 अँपिअर-अवरची बॅटरी उन्हाळी सुट्टीत तशीच राहिली तर आपोआप उतरत जाते, शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट धरते आणि जूनमध्ये ती चार्ज घेत नाही. सुट्टीत आळीपाळीने कुणी पंधरा दिवसांतून एकदा चार्जिंग लावले आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघितली तर ती वर्षानुवर्षे चालते. पण वीज तोडलेली असल्यामुळे तुम्हाला तो मोह पडणार नाही. कपाटातले टॅब रिकाम्या बॅटरीने वर्षभर पडले की फुगतात आणि पडदा वर उचलतात. प्रयोगशाळेतल्या संगणकाचा प्लग कायम काढलेला असला की मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल लवकर संपतो. मग चालू करताच संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. इंटरनेट चालू आहे, पण 'नेट चालत नाही' अशी तक्रार जाते. राउटर बदलून होतो, सिम बदलून होते. पन्नास रुपयांच्या आतला तो सेल, सीआर 2032, घड्याळाच्या दुकानात मिळतो. स्वतः जाऊन आणू नका. सरकारी यंत्राचे झाकण उघडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

ज्यांना अधिकार होता, त्यांचीही व्यवस्था झालेली आहे. राज्यातल्या माध्यमिक शाळांत आयसीटी प्रयोगशाळा 'बूट' तत्त्वावर उभ्या राहिल्या: कंपनीने उभारायच्या, पाच वर्षे चालवायच्या, मग शाळेला हस्तांतरित करायच्या. पाच वर्षे संपली, संगणक शाळेचे झाले. ते शिकवणारे संगणक शिक्षक मात्र कंपनीचे होते. ते हस्तांतरित झाले नाहीत, घरी गेले आणि नंतर आझाद मैदानात दिसले. शाळेच्या वाट्याला आलेले संगणकही बऱ्याच ठिकाणी एका सीपीयूला चार-पाच पडदे जोडलेले होते, त्यामुळे एक सीपीयू गेला की सगळे एकदम शांत.

ते शांत झालेले संगणक अजून तुमच्या दुसऱ्या खोलीत आहेत. फेकता येत नाहीत, कारण निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करण्याचा, प्रस्ताव पंचायत समितीत आहे. भंगारवाल्याला देता येत नाहीत, कारण 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आणि नोंदणीकृत पुनर्वापरकर्ता तुमच्या वाडीपर्यंत येत नाही. म्हणून तिसरी आणि चौथी एकत्र बसते. बहुवर्ग अध्यापन.

यू-डायसचा, म्हणजे शाळेच्या वार्षिक माहितीचा, फॉर्म भरताना जपा. त्यात वस्तू किती आहेत आणि त्यातल्या चालू किती, असे वेगवेगळे विचारतात. सगळ्या चालू लिहिल्या तर तुमची शाळा डिजिटल, जिल्हा डिजिटल, आणि दुरुस्तीला पैसे मिळत नाहीत, कारण बिघाड नाही. बंद लिहिल्या तर दुरुस्तीचे पैसे येत नाहीतच, आधी दूरध्वनी येतो: 'सर, तालुक्याची टक्केवारी खाली आलीय, दुरुस्त करून टाका.' दुरुस्त करायचा तो आकडा, हे तुम्हाला कळले असेलच.

फोटोचे तेवढे सांभाळा. जिओ टॅगच्या ॲपमध्ये तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छापले जातात, त्यामुळे वर्षाचे फोटो एका दिवशी उरकता येत नाहीत. महिन्यातून एकदा पॅनेल चालू करण्याचा धोका पत्करावा लागतो. खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून उभे राहा, नाहीतर पडदा पांढराच येतो. एक मुलगी पडद्याला बोट लावते, बाकीचे बोटाकडे बघतात, तुम्ही मुलांकडे बघता. पडद्यावर सौरमाला ठेवा. तिचा परवाना लागत नाही. सोबत आलेल्या आशयाचे लॉगिन एक वर्षाचे होते, ते संपले, आणि पेनड्राइव्हवर आहे ते जुन्या अभ्यासक्रमाचे. पहिलीचे पुस्तक 2025-26 पासून बदलले, हे पेनड्राइव्हला कुणी कळवलेले नाही.

एका प्रकारच्या शाळांपासून दूर राहा. 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाल्यावर काही गावांनी लोकवर्गणी काढली आणि जुना प्रोजेक्टर, अँड्रॉइड बॉक्स, साधा स्पीकर असे जमवून वर्ग उभे केले. त्यातले काही अजून चालतात. पैसा गावाचा, म्हणून बिघडले की मोबाइलच्या दुकानातला माजी विद्यार्थी संध्याकाळी येऊन सरळ झाकण उघडतो. ठराव नाही, दरपत्रक नाही, खुलासा नाही. वीजबिल यात्रेच्या शिलकीतून भरले जाते. अशा शाळेला भेट दिलीत तर तुमच्याही मुलांना काहीतरी दाखवावेसे वाटू लागेल. भेटीचा अहवाल लिहायचा असेल तर फोनवरून माहिती घ्या.

बाकी लिंक आधी भरून टाका, अकरा वाजत आले. वर्गखोल्या किती, ते लिहा. स्वतंत्र खोली उपलब्ध आहे का? जुन्या संगणकांची आहे, 'होय' लिहा. मागील साहित्य सुस्थितीत आहे का? होय. शाळेत वीजजोडणी आहे का? त्यालाही होयच, मीटर भिंतीवर आहे, थकबाकीचा रकाना फॉर्ममध्ये नाही, आणि तारांकित प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.