शार्पनिंगचं एआय घ्यावं का? उत्तर जरा लांबलचक आहे

फोटो शार्प करणारं एआय सॉफ्टवेअर घ्यावं की नाही, हे हल्ली इतक्या जणांनी विचारलंय की प्रत्येकाला इनबॉक्समध्ये तेच तेच लिहिण्यापेक्षा इथेच एकदाचं लिहून टाकते. उत्तर आधी देते, म्हणजे ज्यांना लोकल पकडायची आहे ते सुटतील. पक्षी, किडे, कमी उजेडातले फोटो यांच्यासाठी खुशाल वापरा, फक्त हात राखून. घरातल्या जुन्या फोटोंमधल्या चेहऱ्यांना मात्र त्याचा हात लागू देऊ नका. अजिबात नको.

आता सविस्तर.

पहिली गोष्ट, फोटो सॉफ्ट का आला ते आधी बघा. आपल्या मुंबईत अर्ध्या वेळा दोष हवेचा असतो. भांडुप पंपिंगला पक्षी टिपायला सकाळी एसी गाडीतून उतरायचं आणि लगेच कॅमेरा डोळ्याला लावायचा, की लेन्सवर वाफ धरणारच. पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या त्याला. ऐरोलीच्या खाडीत ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते. त्या हवेतून ६०० एमएमने काढलेला फ्लेमिंगो कितीही महागड्या लेन्सने काढा, कडा वितळल्यासारख्याच येणार. त्यावर सॉफ्टवेअर चालवलं तर ते त्या वितळलेल्या कडाच नीट घोटून देतं. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरली असेल तर फोर्टातल्या एखाद्या चांगल्या रिपेअरवाल्याला दाखवा, ते खर्चाचं असलं तरी खरं औषध आहे. आणि शटर! उडत्या पक्ष्याला शटरचा वेग १/२५० सेकंद, म्हणजे फारच कमी, ठेवून मग घरी येऊन सॉफ्टवेअर शोधणारे लोक मला माहीत आहेत. नावं घेत नाही, ते हे वाचतायत.

दुसरं, फोटो जाणार कुठे? २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० पिक्सेल रुंद असतो. इन्स्टाग्रामवर तो १०८० पिक्सेलवर येतो. एवढा लहान झाला की थोडंफार हललेलं, थोडं नॉइज (कमी उजेडात फोटोवर येणारे दाणे), सगळं आपोआप पोटात जातं. व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. मोठा प्रिंट काढायचा नसेल, स्पर्धेला पाठवायचा नसेल, तर एवढ्या खटाटोपाची बहुतेक वेळा गरजच नसते. शंभर टक्के झूम करून स्वतःच्या फोटोतले दोष मोजत बसणं हा आपल्या जमातीचा रोग आहे, मलाही आहे.

आता हे सॉफ्टवेअर करतं काय? जुनं शार्पनिंग म्हणजे कडेच्या एका बाजूचा उजेड वाढवायचा, दुसऱ्या बाजूचा काळोख. डोळ्याला धारदार वाटतं, जास्त केलं की भोवती पांढरी रेघ दिसते. याचं अनशार्प मास्क हे नावसुद्धा फिल्मच्या डार्करूममधून आलंय. त्यापुढची पद्धत म्हणजे डीकन्व्होल्यूशन: फोटो कोणत्या प्रकारे धूसर झाला याचं गणित मांडायचं आणि ते उलटं चालवायचं. १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि तिचा आरसा चुकीचा घासलेला निघाला. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन ती दुरुस्त करेपर्यंत शास्त्रज्ञांनी तिच्या धूसर चित्रांवर हेच गणित चालवून काम काढलं. आरशात चूक किती आणि कशी, हे त्यांना मोजता येत होतं. म्हणून त्यांना त्या गणितावर भरवसा ठेवता येत होता.

एआयची गोष्ट वेगळी. त्याला लाखो फोटो दाखवलेले असतात, एकेका फोटोची धूसर आवृत्ती आणि स्वच्छ आवृत्ती. त्यावरून ते शिकतं की अशा धूसर डागाच्या जागी सहसा काय असतं, आणि ते तिथे काढून देतं. तुमच्या फोटोत ती माहिती असो वा नसो. नॉइज काढताना हे बहुतेक वेळा बिनधोक असतं, कारण खालचं चित्र शाबूत असतं, त्यावर फक्त कचरा पडलेला असतो. फोटो एडिट करायच्या लाइटरूममध्ये २०२३ पासून एआयचं डीनॉइज आलंय, ते मी उघड वापरते. कमी उजेडात आयएसओ ६४०० ला काढलेला खंड्या त्याने खरंच वाचतो.

पण माहितीच नसेल तर? वेडर्सचे, म्हणजे चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे, फोटो काढणाऱ्यांनी हे नीट ऐका. लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट यांच्यात पायांचा रंग आणि पाठीवरच्या पिसांची नक्षी हेच तर बघायचं असतं. लांबून काढलेल्या, चिमणीएवढ्या पक्ष्याच्या पाठीवर मी एकदा मुद्दाम एआय पूर्ण जोरात चालवून पाहिलं. काय सुरेख पिसं काढली त्याने! एकेका पिसाला काठ, काठाला फिकट कड, रांगेत बसवलेली. शेजारी मूळ फाइल उघडली तर तिथे राखाडी-तपकिरी धूसरपणाशिवाय काहीच नव्हतं. असा फोटो पुरावा म्हणून ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या साइटवर, चढवला तर ओळख पटवणारा माणूस सॉफ्टवेअरने काढलेली पिसं मोजत बसणार. तेव्हा नोंदीसाठीचा फोटो मूळचा, भले धूसर का असेना. भिंतीवर लावायचा फोटो हवा तसा करा, पक्षी तक्रार करणार नाही.

खरं बोलायचंय ते चेहऱ्यांबद्दल.

आमच्याकडे परळच्या चाळीतला साठच्या दशकातला एक फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा प्रिंट, गॅलरीत उभी पंधरा-वीस माणसं, मागे मंडळाचा बोर्ड. मागच्या रांगेतले चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे. माझ्या भाच्याने हौसेने तो एका ॲपमधून काढला आणि सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. ‘मावशी, बघ काय क्लिअर झालाय!’ झाला होता खरा. पापणीचा केस न् केस दिसत होता.

मग आत्याला दाखवला. आत्या त्या फोटोत विशीतली आहे. तिने चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, ‘ही कोण गं? छान आहे हो पोरगी.’

मी मूळ फोटो शेजारी ठेवून बघितला. आत्याचे पुढचे दात किंचित पुढे आहेत, ते आत घेतले होते. भुवया आत्ताच पार्लरमधून आल्यासारख्या कोरल्या होत्या. कपाळावरचं चांगलं रुपयाएवढं कुंकू सॉफ्टवेअरला डाग वाटलं असावं, त्या जागी नुसती सावली. लुगड्याच्या काठाची कसलीशी जाळी झालेली. आणि मागचा बोर्ड! मुळात अक्षरं पुसट आहेत, पण माहीत असलेल्याला ‘सार्वजनिक’ लागतं. नव्या फोटोत शिरोरेषा ठसठशीत आणि तिच्या खाली जगातल्या कुठल्याच लिपीत नसलेल्या आकृत्या लटकलेल्या.

हे असं का होतं, याचं कारण ठाऊक असलेलं बरं. चेहरे ‘परत आणणारी’ बरीच मॉडेल्स एका ठरावीक संग्रहावर शिकलेली आहेत. २०१९ मध्ये एनव्हिडियाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला ७०,००० चेहऱ्यांचा संग्रह, फ्लिकर या साइटवरून गोळा केलेला. २०२१ मध्ये आलेलं आणि पुढे खूप ठिकाणी वापरलं गेलेलं जीएफपीगॅन नावाचं मॉडेल त्याच्यावरच शिकलं. फ्लिकरवर हसरे, डिजिटल कॅमेऱ्यातले, आजच्या काळातले चेहरे. त्यात १९६० च्या परळमधली नऊवारीतली बाई कितीशी असणार? २०२० मध्ये याच संग्रहावर उभ्या असलेल्या, पल्स नावाच्या प्रोग्रॅमला कुणीतरी बराक ओबामांचा ठोकळ्या-ठोकळ्यांचा फोटो दिला, तर त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला. जगभर ओळखीचा चेहरा होता म्हणून लोकांच्या लक्षात तरी आलं.

आत्या आज आहे, तिने ‘ही कोण’ असं विचारलं. तिच्या शेजारी माझी आजी उभी आहे. आजीला जाऊन खूप वर्षं झाली, तिचा तरुणपणीचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. नव्या फोटोतल्या त्या टवटवीत बाईला ‘ही मी नव्हे’ म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. ग्रुपवर मात्र तोच फोटो फिरणार, कारण तो छान आहे. भाच्याच्या मुलांना खापरपणजी म्हणून तीच दाखवली जाणार. मला ह्याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. भाच्यावर नाही हो, त्याने मायेनेच केलं. पण ‘आठवणी जिवंत करा’ म्हणून जाहिरात करणाऱ्यांनी चेहऱ्याखाली बारीक अक्षरांत तरी लिहावं की हा अंदाज आहे.

काही जण म्हणतील, एवढं काय, पूर्वीही स्टुडिओवाले ब्रशने रिटच करायचेच की. करायचे. पण समोर गिऱ्हाईक बसलेलं असायचं, आणि ‘नाक माझं असं नाही’ म्हणून भांडता यायचं.

जिथे फोटोला साक्ष द्यायची असते तिथे लोक सावध झालेत. वर्ल्ड प्रेस फोटो या बातम्यांच्या फोटोंच्या स्पर्धेच्या नियमांत टोपाझ फोटो एआय आणि अडोबी सुपर रिझोल्यूशन या फोटो मोठा आणि शार्प करणाऱ्या एआयची नावं घेऊन मनाई केलेली आहे, कारण ती चित्रात नवी माहिती घालतात. २०२४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायाधीशाने खुनाच्या खटल्यात एआयने स्पष्ट केलेला मोबाइलचा व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. घरच्या अल्बमला एवढीही कसोटी लावू नये, असं मला तरी वाटत नाही.

आता ज्यांना घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी. आधी ट्रायल वापरा, आणि ते तुमच्या वाईटात वाईट फोटोवर नको, रोजच्यासारख्या फोटोवर. टोपाझने २०२५ मध्ये एकदाच पैसे भरून घ्यायची सोय बंद करून सबस्क्रिप्शन आणलं, तेव्हा वर्षाकाठी तुम्ही किती फोटो प्रिंट करता हे स्वतःला विचारा. ‘फेस रिकव्हरी’ किंवा तत्सम नावाचं बटण असतं, कधी कधी आपोआप चालू असतं, ते पहिल्यांदा बंद करा. जोर सुचवतील त्याच्या निम्म्यावर ठेवा. रॉ (कॅमेऱ्यातली मूळ) फाइल जपा आणि नवी फाइल वेगळ्या नावाने ठेवा. लग्नाची कामं करणाऱ्यांनी ग्रुप फोटोत मागच्या रांगा तपासूनच अल्बम द्यावा. नवरीच्या काकांना स्वतःचा चेहरा सापडला नाही तर उरलेलं पेमेंट विसरा.

आणि जुने फोटो मोबाइलने टिपू नका, तिथेही आत एआय बसलेलं असतं. २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला, तर फोनने त्यात मुळात नसलेले तपशील भरून दिले. साधा फ्लॅटबेड स्कॅनर घ्या, ६०० डीपीआय, टिफ फाइल, ऑटो सुधारणा सगळ्या बंद. ओरखडे आणि डाग स्कॅनच्या फाइलमध्ये स्वतः एकेक करून काढा, चेहऱ्यावरचे सोडून. फोटोत कोण कोण आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून फाइलच्या नावात लिहून ठेवा, हे काम कुठलंच सॉफ्टवेअर करणार नाही.

स्कॅनरबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, माहीत असेल ते सांगेन. फक्त फोटो पाठवून ‘ताई, एवढा जरा क्लिअर करून दे ना’ असं म्हणू नका.