काका, पॅरिसला मध्ये आणू नका

सदाशिव पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला द्यायचा की नाही यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर रणकंदन चाललंय आणि काका रोज सकाळी पॅरिसच्या बिल्डिंगचा फोटो टाकतात, 'बघा, ते जुनं कसं जपतात!' अहो काका, मी राहतो तसल्या बिल्डिंगमध्ये. 1853 साली फ्रान्सचा बादशहा तिसऱ्या नेपोलियनने ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याला प्रिफेक्ट, म्हणजे पॅरिसचा सरकारी कारभारी नेमलं आणि त्याने पुढची सतरा वर्षं अख्ख्या जुन्या पॅरिसवर कुदळ चालवली, गल्ल्याच्या गल्ल्या साफ, गरीब भाडेकरू गावाबाहेर. तुम्ही फॉरवर्ड करताय ती रीडेव्हलपमेंटच आहे!

हां, पण नियम कडक. वीस मीटरचा रस्ता असेल तर दर्शनी भिंत वीस मीटर, पुढे छप्पर तिरकं मागे न्यायचं. भिंत चुनखडीच्या दगडाची, दुसऱ्या आणि पाचव्या मजल्याला सलग बाल्कनी, तिची रेघ शेजारच्या बिल्डिंगशी जुळलेली. आपल्या बिल्डरच्या ब्रोशरमध्ये पण 'फ्रेंच एलेव्हेशन' आहे म्हणे, म्हणजे पीओपीची नक्षी आणि पाण्याच्या टाकीवर तसलंच तिरकं, 'मान्सार्ड' छप्पर. बोळ तेवढाच राहणार.

आणि हे सगळं कोणासाठी होतं? लिफ्ट नव्हत्या, म्हणून दुसरा मजला श्रीमंतांचा, जसजसं वर जाल तसं भाडं कमी, आणि सहाव्यावर छपराखाली मोलकरणींच्या खोल्या, त्यांचा जिना वेगळा, किचनमागून. मी त्याच जिन्याने चढतो. लिफ्ट नंतर बसवली ती मोठ्या जिन्याच्या मधोमध, पाचव्यालाच थांबते. कायद्याने खोली निदान नऊ चौरस मीटर लागते, माझी जेमतेम तेवढीच. वर जस्ताचे पत्रे. ते बसवणाऱ्यांच्या कसबाला 2024 मध्ये युनेस्कोने मान दिला, जुलैत खाली भाजणाऱ्याला कोण देणार? आणि संडास पॅसेजच्या टोकाला, कॉमन. हे घरी कोणाला सांगितलेलं नाही, ग्रुपवर फक्त खिडकीतून दिसणारी छपरं टाकतो.

वाड्यात आत्याला रात्री चौक ओलांडून जावं लागतं, गुडघे दुखतात, तिला फ्लॅट हवाय आणि तिचं शंभर टक्के बरोबर आहे. तरी संमतीपत्रावर मी सही केलेली नाही. नव्या बिल्डिंगमध्ये आपले चार फ्लॅट होतील, चारही कोणाकोणाचे, आणि मग पुण्यात आलो की कोणाकडे उतरायचं हे आधी फोन करून विचारावं लागेल.