खुलासा : थंड, ओल्या जमिनीवर अनवाणी चालण्याविषयीचा संदेश चुकीचा आहे
'तापमान शून्याच्या वर असेल, तर ओल्या जमिनीवर कितीही वेळ अनवाणी चालावे. पाय बधिर होणे ही सरावाची खूण आहे,' असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या २० पटींहून अधिक असल्याने ओले पाय झपाट्याने गार पडतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि तासन्‌तास हेच चालू राहिल्यास गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही नसांना इजा होते. पहिल्या महायुद्धात चिखलाने भरलेल्या खंदकांतील हजारो सैनिकांना जडलेला 'ट्रेंच फूट' तो हाच. बधिर तळव्यात काच रुतली तरी कळत नाही, मधुमेहींनी तर हा धोका पत्करूच नये. त्वचा पांढुरकी पडली किंवा स्पर्श कळेनासा झाला, की पाय कोरडे करून हळूहळू ऊब द्यावी, चोळू नयेत. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.